आबांची मोरी आणि एकच उजेड

नमस्कार मंडळी.

आज बोलायचंय फोटोंच्या कोलाजबद्दल. चार ठिकाणचे चार फोटो घ्यायचे, त्यातलं हवं तेवढं कापायचं आणि सगळ्याचं मिळून एक नवं चित्र करायचं. पूर्वी हे काम कात्री आणि खळ घेऊन व्हायचं, आता मोबाईलवर होतं, संगणकावर होतं. शिकायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, सर, ॲप कुठलं घेऊ? ॲपचं शेवटी सांगतो. त्याआधी दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करा. मी त्या आज परत परत म्हणणार आहे, कारण रेडिओवर फळा नसतो. थोडे फोटो. एकच उजेड. थोडे फोटो आणि एकच उजेड.

थोडे का, ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. कुठल्याही चौकात उभं राहून वर बघा. वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. मधे उत्सवमूर्ती, गॉगल लावून. वर नेते, खाली शुभेच्छुक, आणि शुभेच्छुकांना जागा पुरेना म्हणून उत्सवमूर्तीच्या खांद्यावरसुद्धा दोन डोकी. त्यात वाढदिवस नेमका कुणाचा, हे सिग्नल सुटेपर्यंत कळत नाही. त्यातही प्रत्येकाला गोरा करून ठेवलेला असतो. रापलेला, शेतात राबलेला चांगला रुबाबदार माणूस, त्याला पिठात लोळवल्यासारखा करतात. मला याचा फार राग आहे. पण तो विषय वेगळा. थोडे फोटो.

ही विद्या काही संगणकानं आणलेली नाही. मूळचा स्वीडनचा आणि इंग्लंडात स्थायिक झालेला रेलँडर नावाचा छायाचित्रकार, त्यानं 1857 साली तीसहून जास्त निगेटिव्ह एकत्र करून एक भलं मोठं चित्र केलं होतं, आणि त्याची एक प्रत व्हिक्टोरिया राणीनं विकत घेतली. आणि आपल्याकडे? 1918 साली याच गावात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणारे बाबूराव पेंटर. त्यांचे हात तयार झाले ते नाटकांचे पडदे रंगवून. रंगवलेला राजवाडा आणि त्याच्यापुढं हाडामांसाचा माणूस, आणि दोन्ही मिळून एक जागा वाटली पाहिजे! कोलाजवाल्याची अडचणही नेमकी हीच. मागचं आणि पुढचं एका उजेडात आणणं. पूर्वजांना ते जमत होतं. आपल्याला मोबाईल हातात असून जमत नाही.

आता मी तुम्हाला आबांची गोष्ट सांगतो. ही सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही, माझे विद्यार्थी साक्षीला आहेत.

आबा म्हणजे आमच्या गंगावेशीतले गवळी. तिथला दूध कट्टा तुम्हाला माहीत आहेच. म्हैस समोर उभी, धार काढली की फेसासकट पेला हातात. डॉक्टर मंडळी म्हणतात उकळून प्या, त्यांचं बरोबर असेल. पण पिशवीतल्या दुधाला दूध म्हणायला माझी अजून जीभ वळत नाही. असो. तर या आबांची एक म्हैस होती, मोरी. जाऊन बरीच वर्षं झाली. पण दिवाळी पाडवा आला, गावात म्हशी सजवून मिरवायला लागले की आबांना मोरीची आठवण येतेच. मोरी म्हणे मोटारसायकलच्या मागनं अशी पळायची की बघ्यांनी वाट सोडावी.

माझी पुतणी त्यावेळी नुकती कोलाज शिकायला लागली होती. आबा एक दिवस पिशवीत चार फोटो घेऊन आले. एक मोरीचा, मिरवणुकीतला. गळ्यात घुंगरमाळ, शिंगांना गोंडे, सगळं अंग तेलानं चमकतंय. शेजारी आबा आहेत, पण फोटो काढणाऱ्याला म्हैस महत्त्वाची, त्यामुळं आबांचा फक्त हात आलाय. दुसरा आबांचा स्वतःचा, मुलाच्या लग्नातला, फेटा बांधलेला. तिसरा त्यांच्या थोरल्या भावाचा, स्टुडिओतला, हातात काठी. आणि चौथा नातवंडांचा, मोबाईलवरचा. आबांची मागणी अशी, की सगळ्यांना पंचगंगेच्या घाटावर मोरीबरोबर उभं कर.

पुतणी म्हणाली, "त्यात काय आबा, संध्याकाळपर्यंत देतो की."

संध्याकाळी घाटाचा फोटो काढून आणला, सगळ्यांना कापलं, चिकटवलं आणि आबांना बोलावलं. आबांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. म्हणाले, "बाळ, ही शेळी कुणाची?"

मोरी आबांच्या गुडघ्याएवढी झाली होती! पुतणीनं प्रत्येक फोटो आपल्या मनानं लहानमोठा केला होता. आबा उठून उभे राहिले, छातीला आडवा हात लावला. "तिची पाठ हितं लागायची." झालं. माप मिळालं. मंडळी, हे ऐकून ठेवा. कोलाजमध्ये एक माप खरं धरायचं आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवायचं. माणूस धरा, दार धरा, म्हशीची पाठ धरा, पण एकच माप धरा.

दुसऱ्या दिवशी मोरी मोठी झाली. आबा खूश होतील असं आम्हाला वाटलं. आबा म्हणाले, "शिंगं कुठायत?"

मोरी पंढरपुरी जातीची. या म्हशींची शिंगं तुम्ही पाहिली असतील, मागं वळून पार खांद्याच्याही पलीकडं जातात. फोटोत मागं काळपट भिंत होती आणि शिंगंही काळी. पार्श्वभूमी आपोआप कापणाऱ्या ॲपनं शिंगांना भिंत समजून भिंतीबरोबर टाकून दिलं होतं. पुतणी हुशार, तिनं त्याच ॲपला सांगितलं, नवी शिंगं काढून दे. त्यानं लगेच काढून दिली. छान, तुकतुकीत, कानाशी वेटोळं घातलेली. आबांनी ती पाहिली मात्र! "ही मुऱ्हा हाय! हरियाणाची! माझी मोरी पंढरपुरी, आन तू माझ्या दारात हरियाणाची म्हस बांधतीस व्हय?"

मग आमच्या पुतणीनं काय केलं, तर मूळ फोटो मोठा करून, बोटानं, एका कडेनं सावकाश शिंगं सोडवून घेतली. रात्र झाली. पण शिंगं मोरीची आली. म्हणून सांगतो, आपोआप कापलेल्या कडा नेहमी तपासा. केस, शिंगं, चपलेचा अंगठा, नाकातली नथ. यंत्र नेमकं तिथंच फसतं.

पुढची फेरी. थोरल्या भावाच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडनं, मोरीवर उजवीकडनं. पुतणीला मी उजेडाचं सांगून ठेवलं होतं, तिनं भावाचा फोटो सरळ आरशासारखा उलटा केला. उजेड जुळला. मीसुद्धा म्हटलं वा. आबा म्हणाले, "दादा डावरा कवापासनं झाला?" काठी डाव्या हातात गेली होती! परक्याला हे कळलं नसतं. पण जो माणूस त्या काठीचा मार खात मोठा झाला, त्याला कळणारच. फोटो उलटा करा, जरूर करा, फक्त हात, घड्याळ, पदर, सदऱ्याची बटणं आणि मागच्या पाट्या बघून घ्या. शेवटी फोटो परत सुलटा केला, भावाला मोरीच्या दुसऱ्या अंगाला नेलं आणि सावलीत उभा असल्यासारखा सगळा थोडा गडद केला. सावलीतल्या माणसाच्या तोंडावर ऊन कुठल्या बाजूचं, हे कोण विचारतंय?

आता राहिली नातवंडं. "पोरं लोंबकळत्यात," आबा म्हणाले. खरंच, पोरं पायरीवर होती पण पायाखाली सावली नव्हती. आणि घाटाचा फोटो संध्याकाळचा, पायऱ्यांच्या सावल्या लांबलचक. मोरी मात्र भर दुपारची, तिची सावली सगळी पोटाखाली. आबांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "हितं येक वाजलाय, तितं सा वाजल्यात." श्रोतेहो, मी इतकी वर्षं चित्रकला शिकवतोय, उजेडाचा धडा एवढ्या थोडक्यात मला कधी सांगता आलेला नाही. एकच उजेड!

पुतणी दुसऱ्या दिवशी भर दुपारी घाटावर गेली. फोटो घेताना मोरीच्या फोटोत ऊन ज्या बाजूचं आहे, तीच बाजू धरली. मग चित्र जमलं. आबांनी पाहिलं, फेटा ठीक करतात तसा डोक्यावर हात फिरवला. "झ्याक. खरं एवढी माणसं कशाला? पोरं काढ. मलाबी काढ. मी हाय की हितं, मला रोज बघतासा. दादा आन मोरी ऱ्हाऊ दे."

एका मिनिटात झालं. आणि थोडे फोटो म्हणजे काय, ते पुतणीला माझ्याकडून नाही, आबांकडून कळलं.

माझा बराचसा वेळ आबांनीच खाल्ला, आता भराभर सांगतो. ते एका मिनिटात कसं झालं? तर प्रत्येक फोटो वेगळ्या थरावर होता म्हणून. यालाच लेअर म्हणतात. काचेची चार तावदानं एकावर एक ठेवली आणि प्रत्येकावर वेगळं चित्र असलं, तर मधलं एक सरकवून काढता येतं, बाकीच्यांना धक्का लागत नाही. फोटोशॉपमध्ये हे थर 1994 साली आले आणि तेव्हापासून हे काम सोपं झालं. दुसरं म्हणजे मास्क. नको तो भाग खोडायचा नाही, मास्क लावून झाकायचा. झाकलेलं परत उघडता येतं, खोडलेलं येत नाही. खोडू नका, झाका.

सावलीसाठी माणसाच्या थराखाली एक रिकामा थर घ्या, मऊ ब्रशनं फिकट काळा रंग भरा, पावलाशी गडद आणि लांब जाईल तसा फिका. जुना फोटो पिवळट आणि नवा चकचकीत असेल, तर सोपा उपाय सांगतो, सगळं कृष्णधवल करून टाका. निम्मी भांडणं तिथंच मिटतात. तरी नवा फोटो डोळ्यात खुपला, तर त्याच्यावर थोडे दाणे टाका, नॉईज म्हणून पर्याय असतो.

घरातला जुना फोटो मोबाईलनं उतरवताना ट्यूबलाइटखाली नको, चकाकी येते. खिडकीशी, सावलीत, बरोबर वरून. स्कॅनर मिळाला तर लहान फोटो 600 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 600 ठिपके धरून, स्कॅन करा. भिंतीवर लावायला आठ बाय बारा इंचाची छपाई हवी असेल, तर चित्र 2400 बाय 3600 पिक्सेलचं धरा, म्हणजे इंचाला 300 पडतात. आणि पाहुण्यांकडून व्हॉट्सॲपवर फोटो मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणावं. साधा पाठवला की तो बारीक होऊन येतो, मग मामांच्या मिशा आणि मामांचं नाक वेगळं ओळखू येत नाही.

ॲपचं राहिलंच. चौकटीत फोटो बसवायचे असतील तर कॅनव्हा पुरतं. कापून मिसळायचं असेल तर संगणकावर गिंप घ्या, फुकट आहे. काम करताना थर शाबूत राहतील अशा फाईलमध्ये जतन करा, गिंपमध्ये ती एक्ससीएफ. छपाईसाठी वेगळी जेपीजी काढा. जेपीजीत थर राहत नाहीत, आणि तीच फाईल परत परत उघडून जतन केली की दर वेळी चित्र थोडं खराब होत जातं.

आणि आजचा गृहपाठ. घरातल्या तिघांना घेऊन रंकाळ्यावर जा. कॅमेरा एकाच उंचीवर, तोंड एकाच दिशेला, तिघांचे तीन फोटो काढा, आणि कुणी नसलेला रिकाम्या काठाचा चौथा. त्या काठावर तिघांना एकत्र उभं करायचं. ऊन एकच, उंची एकच, म्हणजे पहिल्यांदा करणाऱ्यालाही जमेल. ढग आले तर घरी परतू नका. ढगाळ उजेडात लांब सावल्या पडत नाहीत, तेवढं काम वाचेल, उरलेल्या वेळात भेळ खाऊन या. नमस्कार.