सीएसटीचा हॉल: त्या रात्रीनंतरची वर्षं

हा सीएसएमटीचा मेन लाइनचा हॉल. जुनी माणसं अजून व्हीटीच म्हणतात. रात्री कितीही वाजता या, चादर टाकून बसलेली कुटुंबं दिसणारच, पिशव्या, गोणी, मांडीवर झोपलेलं पोर आणि सगळ्यांचं लक्ष इंडिकेटरकडे. 26 नोव्हेंबर 2008 ला रात्री साडेनऊनंतर इथे अशीच माणसं बसली होती, गावी निघालेली.

दोघं जण एके-47 आणि हातबॉम्ब घेऊन आत आले आणि समोर येईल त्याच्यावर गोळ्या झाडत सुटले. 58 माणसं गेली, शंभरावर जखमी. मुंबईत त्या हल्ल्यात 166 जीव गेले, त्यातले एका जागी सगळ्यात जास्त इथेच. पण 26/11 म्हटलं की आपल्याला आठवतो तो ताजचा धुरात बुडालेला घुमट, कारण टीव्हीचे कॅमेरे तिकडे लागलेले होते. इथली माणसं जनरलच्या डब्याची वाट बघणारी, त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोललो, आणि हे मला आजही टोचतं.

वर अनाउन्समेंटच्या केबिनमध्ये विष्णू झेंडे ड्युटीवर होते. आधी त्यांना स्फोट झाला असं वाटलं, मग खाली बंदूक घेतलेला माणूस दिसला. लोकलमधून उतरलेले लोक रोजच्या सवयीने त्याच हॉलकडे चालत येत होते, म्हणून झेंडे माइकवरून सांगत राहिले, मेन लाइनकडे येऊ नका, एक नंबर प्लॅटफॉर्मच्या मागच्या बाजूने बाहेर पडा. हिंदीत, मराठीत, परत परत. केबिनच्या दिशेनेही गोळ्या आल्या, तरी माइक सोडला नाही. किती माणसं त्या आवाजामुळे घरी पोचली, कोण मोजणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या सुरू झाल्या आणि सगळीकडे मुंबई स्पिरिटचं कौतुक. अहो, खाडा झाला की पगार कापतात, म्हणून आली माणसं कामावर. गाड्या धावायला लागल्या म्हणजे माणसं सावरली असं आपण धरून चाललो, तिथेच चुकलं.

देविका रोटावन तेव्हा 9 वर्षांची, वडील आणि भावाबरोबर पुण्याला निघालेली. पायात गोळी लागली. ऑपरेशनं झाली, आणि पुढच्या वर्षी कुबड्या घेऊन ती कोर्टात उभी राहिली, त्या दोघांतल्या कसाबला ओळखलं. टाळ्या वाजल्या, सत्कार झाले, फोटो निघाले. पण नातेवाईक लांब राहायला लागले, शाळेत घ्यायला कां-कूं, पोरी कसाबच्या नावाने चिडवायच्या, वडिलांचा ड्रायफ्रूटचा धंदा बसला, पुढे तिला टीबी झाला, आणि हक्काच्या घरासाठी हायकोर्टाची पायरी चढावी लागली. गोळीची जखम कधीच भरली असती हो, या बाकीच्या जखमा आपण दिल्या.

त्या रात्री तेच दोघं हल्लेखोर स्टेशनातून निघून मागे कामा हॉस्पिटलमध्ये शिरले. अंजली कुलथे सिस्टर नाइटला होत्या, वॉर्डात 20 गरोदर बायका. सिस्टरनी दरवाजे लावले, लाइट बंद केले, सगळ्यांना वॉर्डाच्या टोकाला असलेल्या छोट्याशा पॅन्ट्रीत नेलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, मग भिंतीला धरून धरून तिला लेबर रूमपर्यंत पोचवलं, बाहेर गोळीबार चालूच. सुखरूप बाळंत झाली ती. नंतर सिस्टरना झोप लागेना, पण त्या कामावर परत गेल्या आणि साक्षही दिली.

डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर व्हिडिओवरून त्या बोलल्या. तिथे नेहमी बोलतात मंत्री आणि राजदूत, त्या दिवशी आपल्या सरकारी हॉस्पिटलची नर्स बोलत होती आणि ते ऐकत होते. कसाबला पस्तावा झालेला दिसला नाही, हेही त्यांनी सांगितलं. तो 2012 मध्ये येरवड्यात फासावर गेला. पण ज्यांनी हा कट रचला त्यांचा हिशोब बाकीच होता. एप्रिल 2025 मध्ये या कटातला आरोपी तहव्वूर राणाला अमेरिकेतून दिल्लीत आणलं, तेव्हा पत्रकार माइक घेऊन परत देविकाच्या दारात. तिला त्या रात्रीबद्दल जरूर विचारा, पण आधी पाय कसा आहे, काम मिळालं का, घरचे बरे आहेत का, हे विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत कॅमेरा चालू ठेवा.