पैसा लावायचा तो कौलापासून खाली

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या बेळगाव भागात घर दुरुस्तीला निघण्याचं खात्रीचं निमित्त एकच, गावदेवी लक्ष्मीची बऱ्याच वर्षांनी एकदा भरणारी यात्रा. पंच मंडळींनी देवळात बसून साल ठरवलं, की वर्षभर आधी गल्लीगल्लीत वाळूचे ढीग पडायला लागतात. ज्या घरात कित्येक वर्षं खिळा ठोकला नव्हता, तिथंसुद्धा पुढच्या भिंतीला टाइल्स लागतात, लोखंडी गेट बसतं, सोप्याला, म्हणजे पुढच्या खोलीला, पीओपीचं छत होतं. मुंबई-पुण्याच्या लेकी-जावई येणार, पाव्हण्यांत घर बरं दिसावं, हे मलाही पटतं. पण पाव्हणा राहतो दोन दिवस. मिरगापासून दसऱ्यापर्यंत मुक्कामाला असतो तो पाऊस, आणि त्याची सोय मात्र कुणी बघत नाही.

जुनी घरं दुरुस्त करणं हा माझा धंदा. खानापूर, नंदगड, येळ्ळूर, उचगाव, शहापूर-वडगाव अशा सगळ्या बाजूंना कामं असतात. बोलावणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, “मेस्त्री, कमीत कमी किती लागतील?” माझं म्हणणं, किती लागतील हे नंतर बघू, कुठं लावायचे ते आधी ठरवू. जुन्या घरात पैसा वरून खाली लावायचा. आधी छप्पर, मग छपराचं पाणी, मग भिंतीचं बूड, मग वायर आणि नळ. त्यातून उरला तर रंग आणि फरशी. बहुतेक घरांत हे नेमकं उलटं होतं. गुळगुळीत फरशी आधी बसते आणि पहिल्याच आषाढात तिच्यावर पातेली मांडून बसावं लागतं.

तर छपरापासून सुरू करू. पूर्वेला सौंदत्ती, रामदुर्गाकडं पाऊस कमी, तिथं मातीची माळवदं, म्हणजे सपाट छपरं, चालतात. आपल्याकडं पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला, कौलाशिवाय निभाव नाही. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि ते चपटं, खाचेचं कौल हळूहळू सगळीकडं पसरलं. आपल्या खानापूरची माती तर कौल-कुंभारकामाला नावाजलेलीच. तेव्हा पडवीवर दिसणारं काळं पडलेलं कौल टाकाऊ समजू नका. खाली उतरवा, ताराच्या ब्रशनं शेवाळ खरवडा, उन्हात वाळवा आणि बोटाच्या पेरानं वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर ते तुमच्या नातवालाही पुरेल. बद्द वाजलं तर आत चीर आहे, डोळ्याला दिसो न दिसो. अशी एकेक वाजवून निवडली, की बरीचशी कौलं परत चढवण्याजोगी निघतात.

तूट भरायला नवी कौलं आणाल तेव्हा एक करा, घरचं एक कौल पिशवीत घालून बरोबर न्या. कारखान्या-कारखान्याच्या खाचेत फरक असतो. सूतभर फरक पडला तरी कौल कौलात बसत नाही आणि वाऱ्याचा पाऊस तिथनंच आत येतो. शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास कौलं लागतात, फुटतूट धरून थोडी जास्त घ्यावीत. आणि त्यातच एक-दोन काचेची कौलं घ्या. माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो ना? देवघराच्या अलीकडं एक काचेचं कौल बसवलं की तो दिवा बंद. एवढ्या थोडक्या पैशात घराचा चेहरा बदलणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

आता वानर. हसू नका, खानापूर तालुक्यात कौलं जाऊन पत्रे येतायत त्याला पाऊस कारण नाही, वानरं कारण आहेत. फणसावरनं उडी मारली की चार कौलं खलास. पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजतं आणि पावसात शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही, तरी माणसं कंटाळून पत्रा घालतात. मी म्हणतो, झाडाखाली येणारा भाग, बहुधा मागची न्हाणी आणि लाकडं ठेवायची पडवी, तेवढ्याला पत्रा घाला. सोपा आणि माजघर कौलातच ठेवा.

कौलं उतरलीच आहेत तर लाकूड तपासून घ्या. हा मोका परत येत नाही. वासा भिंतीत जिथं शिरतो तिथं तो बहुधा कुजतो, मध्ये क्वचित. तिथं स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. टोक लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर तेवढा भाग गेला. पण म्हणून अख्खा वासा फेकायची गरज नाही. सागाचा, किंदळाचा जुना वासा आज विकत घ्यायला जा म्हणजे कळेल. कुजलेलं टोक कापायचं, शेजारी दुसरा तुकडा जोडून बोल्ट मारायचे. रिपा, म्हणजे कौलं ज्यांवर बसतात त्या पट्ट्या, मात्र सरसकट बदलाव्यात, त्यात काटकसर नको. वाळवीची मातीची रेघ भिंतीवरनं वर चढलेली दिसली तर नुसती पुसून भागत नाही, ती जमिनीतनं कुठनं येते ते शोधून तिथं औषध घालायला लागतं. लाकडाला आपल्याकडचा जुना उपाय काजूच्या टरफलाच्या तेलाचा. लाकूड काळं पडतं, वास बरेच दिवस जात नाही, पण वाळवी फिरकत नाही. हातमोजे घातल्याशिवाय त्याला शिवू नका. कातडी भाजते.

आता ज्या गोष्टीवरून माझे सगळ्यांत जास्त वाद होतात ती सांगतो. स्लॅब. पोरगा गोव्यात कामाला असतो, दोन पैसे साठवतो आणि म्हणतो, कौलं काढून वर स्लॅब टाकू, म्हणजे कटकट मिटली. त्याचं चुकत नाही, दर वर्षी कौलं चाळायला, म्हणजे काढून परत नीट बसवायला, माणूस मिळत नाही हे खरंच आहे. पण हिशेब बघा. चार इंची स्लॅबचं वजन एका चौरस मीटरला अडीचशे किलो भरतं. कौलं आणि रिपा धरून तेवढ्याच जागेला पासष्ट-सत्तर किलो. म्हणजे शंभर चौरस फुटांच्या खोलीवर सहाशे-सातशे किलोच्या जागी सव्वादोन टनांहून जास्त. खाली भिंत कसली? मातीत रचलेल्या चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, नाहीतर निव्वळ पांढऱ्या मातीची. तिनं एवढं उचलायचं कुणाच्या जिवावर? स्लॅब पाहिजेच असेल तर पायापासून कॉलम घ्यायला लागतात. मग ती दुरुस्ती राहत नाही, नवं घर होतं, आणि तेवढा पैसा असता तर तुम्ही हे भाषण ऐकत बसला नसता.

भिंतीचं असंच. मातीची किंवा चिऱ्याची जुनी भिंत जमिनीतलं पाणी थोडं थोडं वर ओढते आणि बाहेर सोडते. वर चुन्याचा गिलावा असला तर ओल निघून जाते. सिमेंटचा गिलावा मारला की ती आत कोंडते. पहिल्या वर्षी भिंत झकास दिसते. दुसऱ्या पावसाळ्यात कंबरेएवढ्या उंचीला फुगे येतात, मिठासारखी पांढरी पूड सुटते आणि तिसऱ्या वर्षी गिलाव्याचा पापुद्रा मातीसकट हातात येतो. मग रंगवाल्याला शिव्या. त्याचा काय दोष? जिथं जुना चुना शाबूत आहे तिथं त्याला हात लावू नका. पडलाय तिथं चुना-वाळूनंच भरा. चुना भिजवून मुरवायला वेळ लागतो, गवंडी कुरकुर करेल. जुना, हाताखाली चुना घेतलेला गवंडी शोधा. खानापूरकडच्या खेड्यांत अजून आहेत.

आणि भिंत मुळात भिजते कशानं? बऱ्याच वेळा रस्त्यानं. गल्लीत काँक्रीट होतं, त्यावर पुन्हा काँक्रीट होतं, जुना थर कुणी काढत नाही. आजोबांच्या वेळी तीन पायऱ्या चढून घरात जायला लागायचं, आता एक पायरी उतरून जायला लागतं. जोतं रस्त्याखाली गेलं की पाणी भिंतीच्या बुडाशीच बसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात मातीची हजारो घरं पडली. नदीकाठची पुरात गेली. पण नदीपासून लांब असलेलीसुद्धा कितीतरी बसली, भिजून भिजून. रस्ता खाली घेणं आपल्या हातात नाही. भिंतीकडेनं हातभर रुंद चर खणून त्यात खडी भरणं, चराला गटारीकडं उतार देणं, आणि पागोळ्यांखाली पन्हळ लावून छपराचं पाणी भिंतीपासून लांब सोडणं, एवढं हातात आहे. यात दाखवण्यासारखं काही नाही. पाव्हण्यांना चर दाखवून कुणी कौतुक मिळवलेलं नाही. पण रंगाआधी हा खर्च करा.

वायरिंगबद्दल थोडक्यात. लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग असेल तर ते पूर्ण काढायचं, डागडुजी करायची नाही. दिव्यांना दीड, प्लगला अडीच, गिझरला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, नीट अर्थिंग, आणि मीटरनंतर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप लाइन तोडणारा स्विच. ओल्या भिंतीच्या घरात हा आरसीसीबी जीव वाचवतो. टीव्हीमागची लाकडी फ्रेम पुढच्या वर्षी करा.

फरशी? शहाबादी असेल तर उचकटू नका. घासून, दरजा भरून घेतली की टाइल्सपेक्षा चांगली. कोबा फुटला असेल तर तेवढाच भाग करा. बाकी फरशीवर जास्त बोलण्यासारखं नाही.

पैशाचं म्हणाल तर, समजा हातात तीन लाख आहेत. त्यातले पन्नास हजार वेगळे काढा आणि घरात कुणाला सांगू नका. जुनं घर उघडलं की काहीतरी निघतंच. तुळईचं टोक, भिंतीतली पोकळी, सामाईक भिंतीत शेजाऱ्यानं मारलेला पाइप. उरलेल्या अडीच लाखांतला निम्मा पैसा छपराला आणि पाण्याला धरा. कौलाच्या कामाला गुत्ता, म्हणजे ठरावीक रकमेचा ठेका, देऊ नका, रोजच्या पगारावर घ्या. गुत्तेदाराला पळायची घाई असते, आणि बद्द वाजणारं कौल वर चढतं ते त्या घाईत. भिंतीचा गिलावा, रंग हे मोजता येतं, ते गुत्त्यानं द्यायला हरकत नाही.

खांब आणि दारं विकू नका, ही माझी विनंती समजा. जुनं लाकूड गोळा करणारे गावात फिरतात, रोख देतात. ज्या पैशात ते नक्षीची चौकट उचलतात त्यात तुम्हाला बरा प्लायवूडचा दरवाजाही येत नाही.

कागदाचं एक. घर अजून आजोबांच्या नावावर आणि राहणारे तीन भाऊ, हे आपल्याकडं घरटी आहे. एकानं पैसा घातला आणि वाटणी नंतर झाली, की घातलेल्या पैशावरून कोर्ट. खिळा ठोकायच्या आधी ग्रामपंचायतीतनं ई-स्वत्तूचा, म्हणजे मिळकतीच्या ऑनलाइन नोंदीचा, नमुना ९ आणि ११ काढून बघा, शहरात असाल तर तसाच ई-खाता. कागद कानडीत असतो, वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला चहा पाजा, पण कुणाचं नाव आहे आणि चारी बाजू काय लिहिल्यात ते समजून घ्या. भावांची सही साध्या कागदावर का होईना, घेऊन ठेवा. वहिनींनाही बसवा त्या बैठकीला. न्हाणी कुठं आणि चूल कुठं, हे शेवटी त्यांनाच भोगायचं असतं.

वेळ कोणती? पैसा धरताना छप्पर पहिलं, पण कामाचा क्रम हवा-पाणी बघून. सुगीत गडी मिळत नाहीत, भातकापणी आणि मळणी होऊ द्या. संक्रांतीनंतर चर, भिंती, वायरिंग उरकून घ्या. थंडीत गिलावा सावकाश सुकतो, तडे जात नाहीत. कौलं मार्च-एप्रिलला. मात्र आपल्याकडचा वळीव सांगून येत नाही. म्हणून एका वेळी अर्धंच छप्पर उघडायचं, ते झाकून झालं की दुसरं अर्धं. आणि छप्पर उघडायच्या आदल्या दिवशी ताडपत्री दोरीसकट घरात आणून ठेवायची. गारा पडायला लागल्यावर बेळगावच्या खडेबाजारात दुकान शोधत फिरण्यात अर्थ नाही.

नमस्कार.