हनी हॉलोची लीना बास्केट

(दृश्य: जळतं सुधारगृह)
सेसिल बी. डमिलचा 1928 चा ‘द गॉडलेस गर्ल’. धुरात अडकलेली ही नायिका, लीना बास्केट. आठव्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात नाचली, 1916 मध्ये युनिव्हर्सलच्या छोट्या मूकपटांत आली. नवरा, वॉर्नर ब्रदर्स कंपनीचा सॅम वॉर्नर, 5 ऑक्टोबर 1927 ला वारला, ‘द जॅझ सिंगर’ या गाजलेल्या बोलपटाच्या पहिल्या खेळाच्या आदल्या दिवशी. बोलपट आले, तिची कामं आटत गेली. सिनेमाचे इतिहास तिला इथेच सोडून देतात. तिचं मोठं काम मात्र यापुढचं आहे: पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत ग्रेट डेन या थोराड जातीच्या कुत्र्यांची पैदास करणारं तिचं केनेल, ‘हनी हॉलो’.

(दृश्य: विण्याची पेटी)
या जातीत पैदास किती जोखमीची, ते या पेटीत दिसतं. आई पन्नास किलोंच्या आसपास, पिल्लू जेमतेम अर्ध्या किलोचं. साधारण 63 दिवस भरतात. मादीचं तापमान 37 अंशांपर्यंत उतरलं की बहुधा 24 तासांत ती विते. पेटीच्या भिंतींना आतून, जमिनीपासून 4 ते 6 इंचांवर ही आडवी पट्टी ठोकलेली आहे. आई भिंतीला टेकली की पिल्लू पट्टीखालच्या फटीत सरकतं. पट्टी नसेल तर ते तिच्या पाठीमागे चिरडतं, आणि तिला पत्ताही लागत नाही. पहिला आठवडा 29 ते 32 अंश ऊब लागते. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आधी ऊब, मगच दूध. वजन रोज, त्याच वेळेला.

(दृश्य: हार्लेक्विन मादी)
पांढऱ्या अंगावर फाटल्यासारखी काळी ठिगळं, ही हार्लेक्विन. देखणी म्हणून लोक हार्लेक्विनला हार्लेक्विनच लावतात, आणि घात तिथेच होतो. हार्लेक्विनचं जनुक दोन्हीकडून आलं तर गर्भ पोटातच जिरतो. हार्लेक्विनमध्ये मर्लचंही जनुक असतं, रंग फिका आणि ठिगळदार करणारं; ते दोन्हीकडून आलं तर पिल्लू जवळजवळ पांढरं जन्मतं, पुष्कळदा बहिरं, कधी आंधळंही. जोडीला काळा किंवा मँटल, म्हणजे काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या छाती-मानेचा, नर हवा. वाढत्या पिल्लाला वरून कॅल्शियमही द्यायचं नाही, हाडं बिघडतात.

(दृश्य: प्रदर्शनाचं रिंगण)
हनी हॉलोची कुत्री अमेरिकेत गाजली. लीनाने ती स्वतः रिंगणात फिरवली, ग्रेट डेनवर पुस्तक लिहिलं, पुढे परीक्षक झाली. 1994 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगला ती वारली.

परीक्षकाचा हात बघा: आधी दात, मग मान, मग पाठीची रेषा. आता पट्टा सैल, आणि चाल.