पारावरचा माणूस कुठे गेला?

(पुण्यात जपानी भाषेच्या आजी-माजी विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'आधुनिक जपानी रोल-प्लेइंग गेम्सचा घसरता दर्जा'. रोल-प्लेइंग म्हणजे एखादं पात्र होऊन गोष्ट खेळायचे व्हिडिओ गेम. विषय मीच दिला, पण फोनवर. मी म्हणालो होतो, "गेममधल्या गावांबद्दल बोलतो." पलीकडून विचारलं, "म्हणजे नेमकं?" मी घाबरून काहीतरी भारदस्त सांगितलं, ते छापून आलं. तर दर्जाबद्दल बोलणार आहेच, शब्द दिलाय. पण आधी गावाबद्दल, आणि गावाच्याही आधी मामाबद्दल.

१९९५ साली माझा मामा कंपनीच्या ट्रेनिंगला तीन महिने ओसाकाला गेला. येताना सगळ्यांना छत्र्या आणल्या आणि मला एक वापरलेली कॅसेट. कॅसेट म्हणजे टीव्ही गेमची. ज्यांचा जन्म २००० नंतरचा आहे त्यांनी शेजारच्या काकांना विचारावं. आपल्याकडे तेव्हा मिळायचे ते टीव्ही गेम म्हणजे निन्तेंदो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या गेम-यंत्राची नक्कल. अमेरिकेत निन्तेंदोने हेच यंत्र वेगळ्या खाचेचं विकलं, ७२ पिनांचं. जपानी मूळ मात्र ६० पिनांचं, आणि माझा नकली संचही ६० पिनांचाच. मामाची कॅसेट खट्कन बसली. नकलेत इतका प्रामाणिकपणा मी नंतर कुठे पाहिला नाही.

गेम होता ड्रॅगन क्वेस्ट २, १९८७ सालचा. मला जपानीचं एक अक्षर येत नव्हतं. बटण दाबलं की चौकट उघडायची, आणि तिच्यातला पहिला शब्द कायम एकच. तुम्ही सगळे तो वाचू शकता: हानासु. बोल. लढ नाही, मार नाही, दार उघड नाही. बोल. याचा अर्थ मला दहा-अकरा वर्षांनी कळला, पण बोट आपोआप तिथेच असायचं म्हणून मी तेव्हाही तेच दाबायचो. लोक बोलायचे, मला ओ की ठो कळायचं नाही, मी मान हलवून पुढच्याकडे जायचो. लग्नात लांबच्या नातेवाइकांशी बोलतो तसं.

एक दिवस रिरिझा नावाच्या गावातल्या सराईत एक पोरगा बसलेला दिसला. त्याच्याशी बोललो. तो काहीतरी म्हणाला आणि माझ्या मागे चालायला लागला. आता आम्ही दोघं. का, कशाला, पत्ता नाही. पुढे मूनपेता नावाच्या गावात एक कुत्रा मागे लागला. मला वाटलं, जपानी गेममध्येसुद्धा पुण्याची गल्ली आहे.

आता मंत्राची गोष्ट. (मागच्या रांगेतले माझे मित्र हसताहेत, त्यांनी ही आधी ऐकलीय. त्यांनी तोवर चहा घेऊन यावा.) त्या कॅसेटमध्ये खेळ जतन करायची सोय नव्हती. गावातला राजा किंवा म्हातारा तुम्हाला अक्षरांची एक रांग सांगायचा. तिचं नाव 'फुक्कात्सु नो जुमोन', पुनरुज्जीवनाचा मंत्र. ती कागदावर उतरवायची, दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी भरायची. पहिल्या ड्रॅगन क्वेस्टमध्ये २० अक्षरं होती, दुसऱ्यात ती ५२ पर्यंत जायची. माझी मजल फार पुढे नव्हती, माझा मंत्र तीसेक अक्षरांचा. पण मला लिपीच येत नव्हती. मी अक्षरं लिहायचो नाही, चित्रं काढायचो. हिरागाना या जपानी लिपीतलं 'ने', 'रे' आणि 'वा' आठवा. डावीकडे तीच काठी, तोच झटका, फरक फक्त शेपटीत. 'नू' आणि 'मे' म्हणजे सख्खे भाऊ. 'रू' आणि 'रो' तर विचारूच नका. त्यात 'हा'वर दोन टिंबं दिली की 'बा', आणि आमच्या टीव्हीवर टिंबं आधीपासूनच भरपूर.

मी भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर जीव ओतून ते काढत बसायचो. आजीने एकदा विचारलं, "काय रे हे?" मामाने तिला जपानीत त्याला मंत्र म्हणतात एवढं सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, "मंत्र लिहायचा तर आंघोळ करून लिही." मी आंघोळ करून लिहिला. दुसऱ्या दिवशी भरला. यंत्र म्हणालं, 'जुमोन गा चिगाइमासु'. मंत्र चुकला. दोन आठवडे गेले होते त्या खेळात. आजी म्हणाली, "डोक्यावरून घेतली होतीस का?"

२००६ मध्ये जपानीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी तो गेम पुन्हा काढला. तेव्हाचे फॅमिकॉम गेम बहुतेक नुसत्या काना लिपीत, म्हणजे उच्चाराच्या अक्षरांत आहेत, कांजी म्हणजे चिनी चित्राक्षरं नाहीत, कारण चिपमध्ये जागा नव्हती. पहिला ड्रॅगन क्वेस्ट अख्खा ६४ किलोबाइटचा. सकाळी तुमच्या फोनवर येणारा गुड मॉर्निंगचा गुलाब त्याहून मोठा असतो. त्यामुळे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही राजाशी दोन शब्द बोलू शकतो. मी बोललो. आणि तेव्हा मला कळलं की सराईतल्या त्या पोराला मी पूर्ण वेळ शोधत होतो!

तो शेजारच्या सामारुतोरियाचा राजपुत्र. त्याच्या वाड्यात जावं तर कळतं, तो बाहेर पडलाय, गुहेतल्या झऱ्याकडे गेलाय. गुहेत जावं तर म्हातारा सांगतो, तुमच्याच गावाकडे गेला. आपल्या गावी यावं तर म्हणतात, येऊन गेला. तुम्ही तंगडतोड करून वैतागता आणि हा पठ्ठ्या सराईत बसलेला. वर तुम्हालाच म्हणतो, अहो, किती शोधलं तुम्हाला! मी हॉस्टेलच्या खोलीत एकटा खदखदून हसलो. अकरा वर्षांनी विनोद कळला. आणि तो कुत्रा? ती शाप लागलेली राजकन्या होती. मी तिला हाड्‌ हाड्‌ केलं होतं.

हा विनोद कुणी सांगितला? एकट्या राजपुत्राने नाही. राजाने, म्हाताऱ्याने, गावकऱ्यांनी, चार ठिकाणच्या लोकांनी मिळून सांगितला. माझा सगळा सिद्धांत एवढाच आहे. जपानी रोल-प्लेइंग गेमचा जीव तलवारीत नव्हता, जादूत नव्हता, तो गावात उभ्या असलेल्या रिकामटेकड्या माणसात होता. मी त्याला पारावरचा माणूस म्हणतो. त्याच्याकडे तुमच्यासाठी काम नाही, विकायला काही नाही. त्याच्याकडे एक वाक्य आहे. पहिल्या ड्रॅगन क्वेस्टमध्ये सोडवलेल्या राजकन्येला हातांवर घेऊन तुम्ही सराईत मुक्काम केलात, तर सकाळी मालक म्हणतो, काल रात्र मजेत गेलेली दिसते. अख्ख्या जपानला ते वाक्य पाठ आहे. ६४ किलोबाइटमध्ये जागा काढून गेमचा कर्ता युजी होरिईने ते घातलं! इतकी ओढाताण की कातकाना या दुसऱ्या काना लिपीची मोजकीच अक्षरं घेऊन राक्षसांची नावं त्यांत बसवलेली, आणि हा मनुष्य चावट सराईवाल्यावर बाइट खर्च करतो. याला म्हणतात प्राधान्यक्रम.

जाता जाता होरिईचंच. १९८८ च्या फेब्रुवारीत ड्रॅगन क्वेस्टचा तिसरा भाग बुधवारी विक्रीला आला, पोरांनी शाळा बुडवून दुकानांपुढे रांगा लावल्या. तेव्हापासून ड्रॅगन क्वेस्ट सुट्टीच्याच दिवशी विकायचा असा जपानमध्ये कायदा झाला, असं तुम्ही ऐकलं असेल. असा कायदा नाही. कंपनीने आपणहून सुट्टीचा दिवस धरायला सुरुवात केली. हे मी प्रत्येक भाषणात सांगतो आणि प्रत्येक भाषणानंतर कुणीतरी मला तो कायदा सांगतं.

गावाचं शिखर मला विचाराल तर क्रोनो ट्रिगर हा गेम, १९९५. होरिई, फायनल फँटसी या दुसऱ्या गाजलेल्या मालिकेचे साकागुची आणि चित्रांना तोरियामा, तिघे एकत्र. सुरुवातीला जत्रा आहे. जत्रेत एका टेबलावर कुणाचा तरी डबा पडलाय. तुम्ही सहज खाता, गेममध्ये दिसेल ते उचलायची सवयच असते. एक मुलगी धडकून पडते, तिचं लॉकेट उडतं. तुम्ही आधी तिला उचलता की लॉकेट? एका लहान मुलीची मांजर हरवलीय. तासाभराने तुमच्यावर राजकन्येला पळवल्याचा खटला उभा राहतो आणि साक्षीला येतात जत्रेतली माणसं. तो डबेवाला येतो! न्यायालयात विचारतात, डबा खाल्लास की नाही? मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा कंट्रोलर खाली ठेवला. ज्यांच्याशी आपण पारावर दोन शब्द बोललो ते आपल्याला बघत होते. आणि गंमत म्हणजे निर्दोष सुटलात तरी तीन दिवस कोठडी आहेच. हे वास्तवदर्शन त्या काळात...

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं'. मला वाटलं वीस तरी असतील. बरं. दर्जा.

घसरण सुरू झाली आवाजापासून. फायनल फँटसी १०, २००१. मालिकेत पहिल्यांदाच पात्रं तोंडाने बोलली. मला तो गेम आवडतो, पण हिशोब बघा. वाक्य लिखित असतं तोवर जास्तीचं एक वाक्य म्हणजे काही बाइट. त्याला आवाज द्यायचा म्हणजे नट, स्टुडिओ, ओठांची हालचाल, आणि हे पुन्हा दुसऱ्या भाषांत. मग कात्री कुणावर? जो कथेला लागत नाही त्याच्यावर. म्हणजे पारावरच्या माणसावर. त्याच गेममध्ये जगाचा नकाशाही गेला. आधी विमानातून स्वतः हिंडायचात, आता विमान म्हणजे ठिकाणांची यादी. एसटीचा बोर्ड.

मग आले एचडीचे दिवस. गाव चौकटींचं होतं तोवर घर म्हणजे सोळा तुकडे इकडून तिकडे. आता प्रत्येक दाराची कडी, प्रत्येक कौल कुणीतरी बसून घडवायचं. २००९ चा फायनल फँटसी १३ बघा. त्यात गाव म्हणावं असं गावच नाही. दुकान कुठे? सेव्ह पॉइंटमध्ये! जिथे खेळ जतन करायचा त्याच खांबातून औषधं विकत घ्यायची. एटीएममधून भाजी घेतल्यासारखं. आणि रस्ता सरळ, एका बोळातून दुसऱ्या बोळात, तेरातल्या अकराव्या प्रकरणापर्यंत. तिथे एकदाचं मैदान उघडतं, पण मैदानात कुणी माणूस नाही.

ज्यांनी गावं ठेवली त्यांनी डोक्यावर खुणा लावल्या. ज्याच्याशी बोलायचं त्याच्यावर चिन्ह, जायचं तिथे बाण. मग खूण नसलेल्याशी कोण बोलणार? सामारुतोरियाच्या राजपुत्राच्या डोक्यावर बाण लावा आणि बघा विनोद उरतो का.

खर्च वाढला तसा वेग मेला. फायनल फँटसीचा सातवा भाग १९९७, आठवा १९९९, नववा २०००, दहावा २००१. पंधरावा २००६ मध्ये वेगळ्या नावाने जाहीर झाला आणि २०१६ मध्ये आला, तोही गोष्टीचे तुकडे सिनेमात, ॲनिमेमध्ये आणि नंतर विकलेल्या पुरवण्यांत वाटून. सोळावा २०२३, आणि त्यात आपण फक्त नायकाला चालवायचं, सोबत्यांच्या चाली बहुतेक आपल्या हातात नाहीत. दरम्यान सातव्याचाच रिमेक तीन भागांत: पहिला २०२०, दुसरा २०२४, तिसऱ्याची वाट बघतोय. मूळ गेममध्ये पाच-सहा तासांत सुटणारं मिडगार शहर पहिल्या भागात पूर्ण गेम झालं. त्यात माणसं भरपूर आहेत, कबूल. पण पाइपांमधून रांगण्यात माझी एक संध्याकाळ गेली तिचं काय?

फोनवरच्या गेम्सबद्दल एकच. तिथे गाव म्हणजे दुकान आणि दुकान म्हणजे सोडत. सोडतीत सगळा संच जमवला तरच बक्षीस, हा 'कोम्पु गाचा' प्रकार २०१२ मध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने बेकायदा ठरवला. साधी सोडत चालूच आहे आणि पैसा तिकडेच आहे.

आता तुम्ही हात वर करणार, म्हणून मीच सांगतो. पर्सोना ५ मध्ये टोकियोचा मोहल्ला आहे, अगदी जिवंत. ड्रॅगन क्वेस्ट ११ २०१७ मध्ये जपानात आला तो आवाजाशिवाय, निव्वळ लिखित, आणि त्यातली गावं बोलतात. माझा मुद्दा त्याने सिद्धच होतो. २०१८ चा ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर, ठीक. आणि २०२५ मध्ये पाळीपाळीने लढायच्या जुन्या जपानी पद्धतीवर जगभर गाजलेला गेम काढला फ्रान्समधल्या मोंपेलियेच्या एका कंपनीने! त्यावर मला वेगळं भाषण...

हो, हो, दुसरी चिठ्ठी दिसली. एवढंच सांगतो, जुनं सगळं सोवळं नव्हतं. त्याच ड्रॅगन क्वेस्ट २ मधली रोंदारुकियाची गुहा ज्यांनी पार केली आहे त्यांनी हात वर करा. एकच? ताई, तुम्हाला नमस्कार. चार पावलांवर राक्षस, पायाखाली न दिसणारे खड्डे, आणि वर आलात की लगेच मरण. तो दर्जा नव्हे, छळ होता.

भूगोलाची वही मी आणलीय, इथे टेबलावर आहे. ओळखता येण्याइतकं जपानी आल्यावर मी ते मागचं पान नीट तपासलं. बत्तीस अक्षरं आहेत. एकोणतीस हिरागाना आहेत. उरलेली तीन मी ओळखू शकलो नाही, माझ्या सेन्सेईंना, म्हणजे जपानीच्या बाईंनाही दाखवली, त्या म्हणाल्या, ही जपानी नाहीत. चहा घेताना बघून जा, कुणाला लागली तर सांगा.