घोडीचा दमा आणि माळ्यावरचे कुटार

नमस्कार श्रोतेहो. सोयाबीनची मळणी आटोपून कुटार, म्हणजे उरलेला भुसा, गुरांच्या कोठ्यात भरले गेले, की माझ्याकडे घोड्यांच्या खोकल्याच्या तक्रारी येऊ लागतात. आपल्या विदर्भात घोडी आता राहिली आहेत ती बहुतेक लग्नाच्या वरातीसाठी, चिखलदऱ्याला पर्यटकांना फिरवण्यासाठी आणि मेंढपाळांचे बिऱ्हाड वाहण्यासाठी. एकेका घोडीवर एक घर चालते. म्हणून आज घोड्यांच्या ॲलर्जीविषयी, आणि त्यातही औषधांपेक्षा तिच्या कारणांविषयी बोलणार आहे.

वाशीम जिल्ह्यातल्या एका गावची हकिगत सांगतो. एका काकांची पांढरी घोडी दिवाळीपासून खोकत होती. दोन वेळा इंजेक्शने झाली होती, नजर लागली असे समजून गळ्यात काळा दोरा आणि बिब्बाही बांधून झाला होता. मी पौष महिन्यात गेलो तेव्हा घोडी उभ्या जागी धापा टाकत होती. घोड्याला आपल्यासारखा तोंडाने श्वास घेता येत नाही, त्याचा सगळा भार नाकावर असतो; त्यामुळे तिच्या नाकपुड्या कर्ण्यासारख्या फाकल्या होत्या आणि प्रत्येक श्वास बाहेर टाकताना पोट आवळून बरगड्यांच्या मागे एक तिरपी खाच उमटत होती. घड्याळ लावून मी श्वास मोजले. विसावलेला घोडा मिनिटाला 8 ते 16 श्वास घेतो. हिचे 32 भरले. अंगात ताप नव्हता, चारा-पाणी चालू होते.

काका म्हणाले, "डाक्टरसाहेब, लग्नाच्या कामाले चार दिवस बाहेर राह्यली का घोडी ठणठणीत राह्यते, अन् घरी आणली का दुसऱ्या दिवशी धापा टाकते. हिले घरच मानवत नाही."

श्रोतेहो, निदान काकांनीच केले होते. बाहेर घोडी उघड्यावर, झाडाखाली बांधलेली असे. घरी ती बैलांच्या शेजारी, तीन बाजूंनी भिंती असलेल्या खोलीत, आणि डोक्यावर लाकडी माळा. त्या माळ्यावर सोयाबीनचे कुटार भरले होते. घोडी ते खात नव्हती. ते बैलांसाठी होते, त्यामुळे त्याच्यावर कोणाचा संशयच गेला नव्हता. मी शिडी चढून ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आतले कुटार कोमट लागले, ओल्या गोणपाटासारखा वास आला आणि हात बाहेर काढताच राखाडी धूळ उडून मलाच खोकला आला. परतीच्या पावसात भिजलेले कुटार न वाळवता भरले होते, त्याला बुरशी धरली होती. रोज सकाळ-संध्याकाळ बैलांसाठी टोपले भरले, की फळ्यांच्या फटींतून ती धूळ थेट घोडीच्या गव्हाणीत गळत होती.

येथे एक गोष्ट मनापासून सांगतो. आपले जुने कोठे समोरून उघडे असत, वारा आरपार जाई. आता सिमेंटची बंद खोली आणि वर टिनपत्रे, हेच प्रगतीचे लक्षण झाले आहे. जनावराला थंडीपेक्षा कोंडलेली हवा अधिक बाधते, हे बांधकाम करणाऱ्यांना कोणी तरी सांगायला हवे.

त्या दिवशी घोडी अंगणातल्या कडुलिंबाखाली बांधायला लावली. ज्वारीच्या कडब्याची कुट्टी अर्धा तास पाण्यात भिजवून, निथळून द्यायची आणि उरलेली दुसऱ्या दिवशी वापरायची नाही, असे ठरले. सूज उतरण्यासाठी काही दिवस औषध दिले. पंधरवड्याने श्वास 18 वर आला होता. पुढे माघात घरच्यांनी अंगणातच तूर झोडली आणि त्याच रात्री घोडी पुन्हा धापू लागली. काकांना तेव्हा पुरते पटले, कारण औषध तेच होते, चारा तोच होता, नवी होती ती फक्त धूळ.

याला घोड्याचा दमा म्हणतात. बुरशीचे सूक्ष्म बीजकण आणि चाऱ्याची धूळ फुप्फुसात गेली, की शरीर त्यांना शत्रू समजून लढू लागते. श्वासनळ्या सुजतात, आवळतात, आत चिकट कफ साठतो. हा रोग संसर्गाने होत नाही, म्हणून प्रतिजैविकाची इंजेक्शने त्यावर चालत नाहीत. पुन्हा सांगतो, धूळ हटली नाही तर औषध हरते. तसेच माशा पळवण्यासाठी बंद कोठ्यात कडुलिंबाची धुनी करू नका, दमेकरी घोडीला तो धूर सोसत नाही.

दुसरा त्रास खाजेचा. तिन्हीसांजेला आणि पहाटे उडणारी बारीक चिलटे चावतात आणि त्यांच्या लाळेची काही घोड्यांना ॲलर्जी असते. घोडा आयाळ आणि शेपटीचे मूळ झाडाला घासून घासून रक्ताळतो. आइसलँडमध्ये घोड्यांना चावणारी ही चिलटे नसतात. तिथे वाढलेले घोडे युरोपच्या मुख्य भूमीवर नेले, की त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ही खाज जडते. आपल्याकडे तिला खरूज समजून गाडीचे जळके तेल चोपडतात. तसे करू नका, कातडी भाजते. खरूज शेजारच्या घोड्याला लागते, ही खाज लागत नाही. पण नक्की काय आहे ते डॉक्टरांनी कातडी खरवडून तपासल्यावरच ठरवावे. चिलटे चिखलात आणि ओल्या शेणात वाढतात, म्हणून उकिरडा आणि सांडपाण्याचा नाला घोड्यापासून लांब हवा. ती उडायला दुबळी असतात, त्यामुळे सांजवेळी साधा पंखा लावला तरी उपयोग होतो.

तिसरे म्हणजे अंगावर गांधी उठणे. पेनिसिलीनसारख्या औषधाने, नव्या खुराकाने किंवा कीटकाच्या दंशाने त्या तासाभरातही उठतात. तोंड सुजले किंवा श्वास अडू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. कोणत्या औषधाने हे झाले, ते लिहून ठेवा आणि पुढच्या डॉक्टरांना आधी तेच सांगा.

त्या काकांनी लिहून ठेवण्याची सवय लावून घेतली आहे. रोज सकाळी घोडी शांत उभी असताना ते श्वास मोजतात आणि कोळशाने कोठ्याच्या भिंतीवर आकडा मांडतात. माळा आता रिकामा आहे आणि कुटार वावरात ताडपत्रीखाली असते. गेल्या मार्गशीर्षात मी गेलो, तेव्हा भिंतीवरचा शेवटचा आकडा 14 होता.