कायद्याकडे दुसऱ्यांदा कोण बघतो?

मंडळी, नमस्कार.

आपल्या गोव्यातून पत्रादेवीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात बांद्याला गेलात, तर तिथल्या पदवीधराकडे तुमच्यापेक्षा एक मत जास्त असते. आमदारासाठी एक, खासदारासाठी एक आणि कोकण पदवीधर मतदारसंघासाठी आणखी एक. तो हायस्कुलात शिक्षक असेल तर शिक्षक मतदारसंघासाठी चौथे. चोर्ला घाट चढून बेळगावला गेलात तरी हेच, फक्त राज्य कर्नाटक. आपल्या दोन्ही शेजाऱ्यांच्या विधिमंडळात विधानसभा आहे आणि विधान परिषदही आहे. आपल्या गोव्याच्या विधिमंडळात, पर्वरीत, विधानसभा हे एकच सभागृह. आपल्यापैकी अनेकांचे सोयरेधायरे सावंतवाडी, कुडाळ, बेळगावला आहेत. त्यांच्याकडे ही निवडणूक आली की ते आपल्याला काहीतरी सांगतात आणि आपण नुसती मान डोलावतो. म्हणून आज विधान परिषद हे सभागृह चालते कसे ते नीट समजून घेऊ, आणि मग ते नसल्यामुळे आपले काय होते, तेही बघू.

आज देशात सहाच राज्यांत विधान परिषद आहे: उत्तर प्रदेश, बिहार, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगण. पश्चिम बंगालने १९६९ मध्ये ती बंद केली, पाठोपाठ पंजाबने, १९८६ मध्ये तमिळनाडूने. जम्मू-काश्मीरची २०१९ मध्ये गेली. आंध्रने १९८५ मध्ये रद्द केली आणि २००७ मध्ये परत आणली. संविधानाच्या १६९ व्या अनुच्छेदाने ही मुभा ठेवली आहे. विधानसभेने विशेष बहुमताने ठराव करायचा आणि संसदेने साधा कायदा करायचा. घटनादुरुस्ती लागत नाही. राज्यसभा अशी कोणी मोडू शकत नाही. विधान परिषद मात्र पहिल्या दिवसापासून खालच्या सभागृहाच्या मर्जीवर उभी आहे, हे ध्यानात ठेवा.

तिची रचना आपल्या ओळखीच्या महाराष्ट्रातून पाहू. तिथे ७८ सदस्य आहेत. त्यांतले ३० विधानसभेचे आमदार निवडतात. २२ जणांना जिल्हा परिषदा, महापालिका, नगरपालिका अशा स्थानिक संस्थांचे सदस्य निवडतात. पदवीधरांचे ७, शिक्षकांचे ७, आणि १२ जण राज्यपालांनी नेमलेले. हे सभागृह विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षे, आणि दर दोन वर्षांनी एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात. उमेदवाराचे वय किमान ३० लागते, विधानसभेला २५ पुरते.

पदवीधराचे मत आपोआप मिळत नाही. पदवी घेऊन तीन वर्षे झालेली हवीत, आणि नाव नोंदवण्यासाठी वेगळा अर्ज भरावा लागतो. मागच्या खेपेला नाव होते म्हणून या खेपेला असेलच असे नाही, कारण यादी दर निवडणुकीला नव्याने होते. त्यामुळे या निवडणुकीतले अर्धे काम मतदानाच्या कितीतरी आधी, नोंदणीच्या वेळी उरकलेले असते. ज्या संघटनेने गावोगावी फिरून अर्ज भरून घेतले, तिचे पारडे जड. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: मतदार पदवीधर लागतो, उमेदवार पदवीधर असलाच पाहिजे असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने तसा निर्णय दिलेला आहे.

मत देण्याची रीतही वेगळी. इथे बटण दाबायचे नाही. मतपत्रिकेवर नावांपुढे पसंतीचे आकडे लिहायचे, १, २, ३. एका जागेसाठी निवडणूक असेल तर वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मते लागतात. पहिल्या पसंतीत तेवढी कोणालाच मिळाली नाहीत, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे उरलेल्यांत वाटल्या जातात. निकाल लागेपर्यंत हे चालते. मोजणी रात्रभर रेंगाळते ती यामुळे. पण माझ्या मते ही पद्धत आपल्या नेहमीच्या मतदानाहून न्याय्य आहे. आपल्याकडे चौरंगी लढतीत तीस टक्के मते घेणाराही आमदार होतो. इथे तसे घडणे कठीण.

आमदार जेव्हा मत देतात तेव्हा ते मत गुप्त असते. राज्यसभेला आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, विधान परिषदेला ती दाखवायची नसते. २० जून २०२२ ला महाराष्ट्रात दहा जागांसाठी अकरा उमेदवार होते आणि निवडून यायला २६ मते लागत होती. पक्षांची मते कशी फुटली ते त्या रात्री दिसले, आणि त्याच रात्रीपासून तिथल्या सरकारला भगदाड पडले. पुढचे सारे तुम्हाला माहीत आहे.

आता राज्यपालांनी नेमायच्या जागा. साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी त्या ठेवल्या आहेत. ग. दि. माडगूळकर विधान परिषदेत बसले, ना. धों. महानोर १९७८ मध्ये तिथे नेमले गेले आणि त्यांनी शेती-पाण्यावर कळकळीने मांडणी केली. निवडणुकीच्या धबडग्यात ही माणसे कधी विधिमंडळात पोचली असती का? पण याच जागांची अवहेलनाही झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने बारा नावे राज्यपालांकडे पाठवली. निर्णय झालाच नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे. तरीही जागा रिकाम्या राहिल्या, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांतल्या सातच भरल्या गेल्या. लोकांच्या सभागृहातल्या बारा खुर्च्या इतकी वर्षे मोकळ्या राहतात आणि कोणाला जाब द्यावा लागत नाही, याची मला खरोखर चीड येते.

या सभागृहाचे मोठेपण मला एका माणसात दिसते. वि. स. पागे १९६० ते १९७८ महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. दुष्काळात माणसाला भीक नको, काम हवे, आणि काम मागण्याचा त्याला हक्क हवा, हा विचार त्यांनी धरला. १९६५ मध्ये तासगाव भागात छोटा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळाने त्याची गरज सर्वांना पटवली. शहरातल्या कमावत्यांवर व्यवसाय कर बसवून पैसा उभा केला गेला, आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. २००५ मध्ये संसदेने साऱ्या देशासाठी जो कायदा केला त्याचे मूळ इथे आहे. दर पाच वर्षांनी मतदारसंघ राखायची चिंता ज्याला नाही, तो एकाच प्रश्नामागे दहा-बारा वर्षे लागू शकतो. वरिष्ठ सभागृहाच्या बाजूने मला सुचणारा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच.

अधिकार पाहिलेत तर मात्र ते तुटपुंजे आहेत. मंत्रिमंडळ जबाबदार असते ते विधानसभेला, त्यामुळे परिषद अविश्वास ठराव आणून सरकार पाडू शकत नाही. अर्थसंकल्पावर चर्चा करते, खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर मत देऊ शकत नाही. धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचे विधेयक, जास्तीत जास्त चौदा दिवस ठेवता येते. साधे विधेयक पहिल्या खेपेला तीन महिने अडवता येते. विधानसभेने ते पुन्हा मंजूर केले तर आणखी एक महिना, आणि मग परिषदेची संमती असो वा नसो, ते दोन्ही सभागृहांनी संमत केले असे धरले जाते. संसदेसारखी संयुक्त बैठक राज्यात नाही. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत या सदस्यांना मत नाही. थोडक्यात, चार महिने. तेवढेच त्यांच्या हाती.

पण या चार महिन्यांचीही सत्तेला किती भीती वाटते बघा. २०२० च्या जानेवारीत आंध्रच्या सरकारने तीन राजधान्यांची विधेयके आणली. विधानसभेत सरकारचे प्रचंड बहुमत, परिषदेत विरोधकांचे. २२ जानेवारीला परिषदेच्या सभापतींनी विधेयके चिकित्सा समितीकडे, म्हणजे ती बारकाईने तपासणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे, पाठवायचे ठरवले. पाचव्या दिवशी, २७ जानेवारीला, विधानसभेने परिषदच रद्द करण्याचा ठराव केला! जूनमध्ये विधेयके पुन्हा विधानसभेत मंजूर झाली, परिषदेची मुदत सरली, आणि ३१ जुलैला राज्यपालांची सही झाली. आणि शेवट? नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने स्वतःच ते कायदे मागे घेतले, आणि परिषद रद्द करण्याचा ठरावही मागे घेतला. समितीत बसून शांतपणे विचार झाला असता तर जवळपास दोन वर्षांची ही ओढाताण टळली असती, असे मला वाटते.

आता घरी येऊ. गोव्याला विधान परिषद का नाही? कोणी दिली नाही म्हणून नव्हे. ती संविधानाच्या गणितातच बसत नाही. १७१ वा अनुच्छेद म्हणतो की परिषदेचे सदस्य विधानसभेच्या एकतृतीयांशाहून जास्त नसावेत आणि कोणत्याही परिस्थितीत ४० हून कमी नसावेत. आपली विधानसभा ४० ची. तिचा एकतृतीयांश १३. आणि किमान मर्यादा ४०! मुळात राज्याच्या विधानसभेतच किमान ६० सदस्य हवेत. गोव्यासाठी ३७१-आय हा वेगळा अनुच्छेद घालून ही मर्यादा ३० वर आणली आहे. १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली तेव्हा सभागृह ३० चेच होते, गोव्याचे २८, दमणचा एक, दीवचा एक. १९८७ मध्ये घटकराज्य झालो आणि ४० झाले. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा का, यावरच्या १९६७ च्या जनमत कौलात निकाल वेगळा लागता तर आपणही आज त्या ७८ जणांच्या सभागृहासाठी मत देत असतो; पण तो विषय वेगळा, आणि इथे बसलेल्यांत त्यावर दोन मते आहेत हे मी जाणतो.

दुसरे सभागृह नसण्याचे दोन फायदे मला मान्य आहेत. २०१७ च्या मार्चमध्ये मनोहर पर्रीकर दिल्लीहून येऊन मुख्यमंत्री झाले तेव्हा ते आमदार नव्हते. सहा महिन्यांच्या आत त्यांना पणजीच्या मतदारांपुढे पोटनिवडणुकीला उभे राहावेच लागले. २०२० मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री विधान परिषदेतून बिनविरोध निवडून आले. नियमात दोन्ही बसते. मला पणजीची वाट जास्त आवडते.

दुसरा फायदा याहून मोठा. १९६४ चा कूळ कायदा, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकारांसाठीचा १९७५ चा मुंडकार कायदा आणि कसणाऱ्याला जमिनीचा मालक करणारी १९७६ ची दुरुस्ती, हे सारे आपल्या एकाच सभागृहाने केले. भाऊसाहेब बांदोडकर आणि पुढे शशिकलाताई काकोडकर यांच्या काळात. भाटकारांनी, म्हणजे जमीनदारांनी, न्यायालयात आव्हान दिलेच. वर आणखी एक सभागृह असते, आणि त्यात मालमत्तेच्या आणि प्रतिष्ठेच्या जोरावर बसलेली मंडळी असती, तर? १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांतात परिषद आली तेव्हा तिचा मतदार मुख्यतः मोठ्या मालमत्तेचा होता. दिरंगाई नेहमी निष्पक्ष नसते. ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याला थांबायला परवडते, कुळाला परवडत नाही. हे मी विसरू शकत नाही, म्हणून गोव्यात विधान परिषद हवी अशी मागणी मी करत नाही.

पण एकाच सभागृहाची दुसरी बाजूही आपण पाहिली आहे. जुलै २०२१ चे तीन दिवसांचे अधिवेशन आठवा. शेवटच्या दिवशी, ३० जुलैला, भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक मंजूर झाले. तीस वर्षे राहणाऱ्याला भूमिपुत्र ठरवून त्याच्या घराखालची जमीन मिळण्याची वाट त्यात होती. त्यानंतर गोवा पेटून उठला. आदिवासी बांधवांनी विचारले, आम्ही मग कोण? मुख्यमंत्र्यांना जाहीर करावे लागले की विधेयक राज्यपालांच्या सहीसाठी जाणार नाही, शब्द बदलू, लोकांच्या सूचना घेऊ. म्हणजे दुसऱ्यांदा बघण्याचे काम झाले, पण सभागृहाबाहेर, रस्त्यावर झाले. ज्या विधेयकाने इतके लोक खवळले नाहीत, त्याकडे दुसऱ्यांदा कोण बघतो? बहुधा उच्च न्यायालय, तेही कोणी खर्च करून याचिका घातली तर.

यावर उपाय विधानसभेतच आहे: चिकित्सा समिती. पण तिथे आपली संख्या आड येते. ४० आमदारांतले मुख्यमंत्र्यांसह १२ जण मंत्री होऊ शकतात, सभापती आणि उपसभापती वेगळे. उरले २६, त्यांतही सत्ताधारी बाकांवरचे बरेच. समित्यांत घासून काम करायला माणसे आणायची कुठून? म्हणून आमदारांच्या बरोबरीने बाहेरच्यांना ऐकणे आपल्याकडे इतर राज्यांहून जास्त गरजेचे आहे. परिषदेत ज्यांच्यासाठी जागा आहेत तेच हे लोक: शिक्षक, पदवीधर, स्थानिक संस्थांतले पंच आणि नगरसेवक, आणि आपापल्या विषयातले जाणकार. आपल्या १९१ पंचायतींना जमिनीबाबतच्या कायद्याचा मसुदा आधी मिळाला, ग्रामसभेत तो वाचला गेला आणि समितीने पंचांना बोलावून ऐकले, तर परिषदेचे निम्मे काम तिच्याविना होईल. ३४८ व्या अनुच्छेदामुळे विधेयकाचा अधिकृत मजकूर इंग्रजीत असतो. त्यासोबत कोकणी आणि मराठीत सोपा गोषवारा द्यायला कोणताही अनुच्छेद आडवा येत नाही.

आणि वेळ. धन विधेयके आणि खरी निकड सोडली, तर विधेयक मांडल्यापासून मतदानापर्यंत निदान एक महिना गेला पाहिजे. परिषदेचे चार महिने मी मागत नाही, एक मागतो. त्यासाठी संविधान बदलायला नको, सभागृहाच्या कामकाजाचे नियम बदलले की झाले. पुढच्या अधिवेशनानंतर तुमचा आमदार देवळाच्या जत्रेत किंवा लग्नात भेटेल, तेव्हा त्याला नोकरीबद्दल आणि रस्त्याबद्दल जरूर विचारा. सोबत एवढेही विचारा: ज्या विधेयकांना तुम्ही हात वर केला, त्यांच्या प्रती तुमच्या हातात मतदानाच्या किती दिवस आधी आल्या होत्या?