टाकी किती भरलेली होती?

नमस्कार मंडळी. घाटात मध्येच गाडी खोकायला लागली, मागून ट्रकवाला हॉर्न मारतोय आणि आपण नुसताच ॲक्सिलरेटर दाबतोय, अशा वेळी पोटात जो गोळा येतो तो ज्यांना माहितीये त्यांच्यासाठी आजचं बोलणं. नवी कोरी गाडी असलेल्यांनी पण ऐका, तुमचीही कधीतरी जुनी होणारच आहे.

माझ्याकडे बाबांची मारुती ८०० आहे, १९९२ ची. कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुन्या पद्धतीचा भाग), ७९६ सीसी, तीन सिलिंडर. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी पासिंग करायचं, ग्रीन टॅक्स भरायचा, हे सगळं मी मुकाट्याने करते, कारण त्या स्टीअरिंगला बाबांचा हात लागलेला आहे, आता याच्यापुढे हिशोब काय करणार. आई वाईला असते म्हणून महिन्यातून दोनदा पुणे-वाई फेरी ठरलेली. तेव्हा हायवेने साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढावाच लागायचा, परत येताना बोगदा होता म्हणून सुटका. तर गेल्या वर्षी असं व्हायला लागलं की शिरवळपर्यंत गाडी लोण्यासारखी, घाटाआधीच्या खंडाळ्यापर्यंत (लोणावळ्याजवळचं नव्हे, साताऱ्याचं) पण ठीक, घाट सुरू झाला की पहिली चार-पाच मिनिटं काही नाही आणि मग हळूच दम कमी पडायचा, थर्डची सेकंड टाकली तरी पिकअप नाही, मग झटके, आणि खामजाईच्या देवळाच्या आसपास गाडी बाजूला घ्यावी लागायची. दहा मिनिटं थांबलं, देवीला नमस्कार केला, की परत चालू आणि बिनतक्रार वरपर्यंत. आई म्हणायची देवीच थांबवते गं तुला, नमस्कार न करता जातेस म्हणून.

मी पुण्यात एका गॅरेजमध्ये दाखवली. नाव नाही सांगत. तिथला माणूस माझ्याशी बोलायचाच नाही, ह्यांच्याकडे बघून बोलायचा, आणि ह्यांना गाडी चालवताच येत नाही हो! त्याने ऐकून घेतलं "मिसिंग मारते", म्हणजे इंजिन मध्येच ठोका चुकवतं, एवढंच, आणि प्लग बदलले. पुढच्या फेरीला तेच. मग पॉइंट आणि कंडेन्सर, म्हणजे ठिणगी वेळेवर पाडणारे भाग. मग कार्बोरेटर उतरवून साफ, नवीन किट. मग म्हणाला इंजिनवरचा पेट्रोल ओढणारा पंप गरम होतो मॅडम, पेट्रोलची वाफ होते, पंपावर ओलं फडकं टाका. मी टाकलं पण, खोटं कशाला बोलू. मग नवा पंप. सात हजारांच्या वर गेले आणि खामजाईला थांबणं काही चुकलं नाही.

शेवटी वाईतच एक फिटर काका आहेत, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, त्यांच्याकडे नेली. त्यांनी बॉनेटला हातच लावला नाही. स्टूल पुढे केलं, चहा सांगितला आणि विचारायला लागले. गाडी एकदम बंद पडते का हळूहळू मरते? पाय दाबला की सुधारते का अजून बिघडते? सकाळी पहिल्या सेल्फला लागते का? आणि मग एक प्रश्न असा विचारला की मी बघतच राहिले, म्हणाले, "ताई, ज्या दिवशी त्रास झाला त्या दिवशी टाकी किती भरलेली होती?"

आता हे प्रश्न का, ते सांगते, कारण खरी गंमत त्यातच आहे.

स्पार्कची गडबड असेल, म्हणजे प्लग, प्लगवायर, कॉइल, डेल्को (एकेका प्लगला ठिणगी वाटून देणारा डबा) यातलं काही, तर गाडी सहसा तडकाफडकी तुटते, बटण दाबून लाइट घालवावा तशी, आणि तशीच अचानक परत येते. झटका कडक असतो. पेट्रोल कमी पडत असेल तर ती माणसासारखी धापा टाकत मरते, कारण कार्बोरेटरच्या वाटीत साठलेलं पेट्रोल आधी संपावं लागतं, म्हणून तर घाटातली पहिली चार-पाच मिनिटं बरी जातात. आणि पेट्रोल कमी पडतंय याची मोठी खूण म्हणजे पाय जास्त दाबला की ती अजून मरते, थोडा सोडला की सावरते. आपल्याला वाटतं अरे मी एवढी रेस देतेय आणि ही उलट काय करते, पण तुम्ही मागताय जास्त आणि येतंय तेवढंच, मग वाटी रिकामीच होणार ना. माझी गाडी अगदी हेच करत होती आणि मी ते पहिल्या गॅरेजला सांगितलंच नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. थांबल्यावर बरी का व्हायची तेही यातच आलं, स्लोवर, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, पेट्रोल लागतं थोडं, तेवढं येत राहतं, वाटी भरते. देवीचा काही दोष नाही.

अर्थात नुसत्या लक्षणांवर विसंबायचं नाही. कंडेन्सर गरम झाला की दगा देतो आणि गार झाला की शहाणा होतो, म्हणजे "दहा मिनिटं थांबलं की बरी" हे तिथेही लागू पडतं. म्हणून काकांनी प्लग काढून बघितले. चहाच्या रंगाचा, फिकट तपकिरी प्लग म्हणजे सगळं आलबेल. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी, एअर फिल्टर बघा, आणि गाडी पावसाळाभर उभी असेल तर फिल्टरच्या डब्यात उंदराने घरटं केलंय का तेही बघा, हसू नका, मी स्वतः पाहिलंय. तेलकट ओला प्लग म्हणजे ऑइल वर येतंय, तिथे खर्चाची तयारी ठेवा. माझे तिन्ही प्लग पांढरट होते. पांढरा म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. आणि तिन्ही सारखेच पांढरे, म्हणजे एका सिलिंडरचा आजार नाही, तिघांनाही एकाच ठिकाणाहून उपाशी ठेवलंय.

एकच सिलिंडर बंद असता तर स्लोवरच कळलं असतं, तीनमधला एक गेला की गाडी अशी थरथरते की आरशात मागचं काही दिसत नाही. जुन्या पॉइंटवाल्या गाडीत फिटर लोक स्लोवर एकेक प्लगवायर काढून बघतात, जी काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच मेलेला. पण हा उद्योग आपण करायचा नाही, हाताला जबरदस्त शॉक बसतो, आणि २००० च्या आसपास ज्या एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या, गाड्या आल्या त्यांच्यात तर असं करून इलेक्ट्रॉनिक भाग जळतात. तुम्ही करू शकाल असं एक आहे, पावसाळ्यात गाडी मिसिंग मारत असेल, कोकणात हे फार होतं, तर रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि लांबूनच वायरींकडे बघत राहा. वायर फुटलेली असेल किंवा डेल्कोच्या टोपीला चीर असेल तर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात.

हां, परत टाकीवर येते. मी आठवायला लागले तेव्हा माझंच मला नवल वाटलं. दिवाळीत जाताना मी पुण्यातून टाकी फुल करून निघाले होते आणि त्या फेरीला गाडी कुठे थांबलीच नव्हती! मला वाटलं होतं त्या पेट्रोल पंपावरचं पेट्रोल चांगलं. आणि सकाळी पहिल्या स्टार्टला सेल्फ बराच वेळ मारावा लागायचा, ते मी थंडी आहे म्हणून सोडून दिलं होतं. काका नुसते मान हलवत होते.

या गाडीत पेट्रोलची टाकी मागे आणि पंप पुढे इंजिनवर, कॅमशाफ्टवर चालणारा साधा मेकॅनिकल पंप. म्हणजे पंप सगळं पेट्रोल गाडीच्या लांबीभर ओढून आणतो, स्ट्रॉने उसाचा रस ओढावा तसं. घाटात गाडीचं नाक वर होतं, टाकी खाली जाते, म्हणजे पेट्रोल अजून उंच ओढायचं, आणि नेमकं तेव्हाच इंजिनला जास्त हवं असतं. टाकी फुल असेल तर पातळी वर असते म्हणून ओढायचं काम कमी. आता त्या स्ट्रॉला बारीकशी चीर गेली तर काय होईल? रस येत नाही, हवा येते. आणि लक्षात घ्या, हवा ओढणाऱ्या पाइपमधून पेट्रोल ठिबकेलच असं नाही. खाली डाग नाही, वास नाही, गॅरेजवाला वाकून बघतो आणि म्हणतो लीकेज नाही मॅडम. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच चिरेतून हवा शिरते, पेट्रोल टाकीकडे उतरून जातं, म्हणून सकाळचा तो लांबलचक सेल्फ.

हे झालं अनुमान. काकांनी ते खरं करून दाखवलं, आणि मला सगळ्यात आवडलं ते हे. सपाटीवर गाडी चुकतच नाही ना, म्हणून त्यांनी ती गॅरेजमागच्या चढावर नाक वर करून उभी केली, पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळीचा तुकडा जोडला आणि मला रेस धरायला सांगितली. मिनिटभर काही नाही. मग त्या नळीतून बुडबुडे यायला लागले, आधी एखाददुसरा, मग सोड्याच्या बाटलीसारखे. त्यांनी टाकीचं झाकण काढून बघितलं, कारण झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी टाकीत ओढ बसते आणि गाडी अशीच मरते, तेव्हा झाकण उघडताना सुस्स असा आवाज येतो. तसा आवाज नाही, बुडबुडेही तसेच. मग टाकीजवळचा रबरी पाइप काढून बोटात वाकवला, आणि वाकवल्यावर दिसलं, वरून ठीक दिसणाऱ्या रबराला क्लिपच्या खाली सुरकुत्यांसारख्या भेगा.

बत्तीस-तेहतीस वर्षांचं रबर आहे, जाणारच. पण त्यात आता इथेनॉलची भर आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. मी इथेनॉलच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांतली नाही, आपल्याकडे त्यावर किती साखर कारखाने आणि किती ऊसवाले उभे आहेत ते वाईला जाता-येता दिसतंच. पण जुन्या गाडीवाल्याने तीन गोष्टी धरून चालावं. एक तर जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, नंतर चिरतं, २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने जो खुलासा केला त्यातही म्हटलं होतं की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात. दुसरं, ते पाणी शोषतं, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत जुनं पेट्रोल साठवू नका, आणि टाकीच्या तळाची वर्षानुवर्षांची घाण सुटून फिल्टरला येते ती वेगळीच, तेव्हा सुरुवातीला फिल्टर लवकर बदला. आणि तिसरं म्हणजे एक किलो पेट्रोल जाळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच किलो. इंजेक्शनवाली गाडी सेन्सरवरून हे समजून घेते, कार्बोरेटर बिचारा काही समजत नाही, त्याचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, जेवढं तेवढं, म्हणून मिश्रणात हवा जास्त आणि इंधन कमी पडतं आणि पाय दाबल्यावर गाडी जरा अडखळते. काकांनी तेही थोडं सेट करून दिलं.

एक राहिलं, ताकद कमी म्हणजे दर वेळी इंजिनच असं नसतं हं. इंजिनचा आवाज चढतोय पण स्पीड चढत नाही, आणि घाटात करपलेला वास येतोय, तर ती क्लच प्लेट. सपाट रस्त्यावर न्यूट्रलला टाकून एका माणसाने ढकलली तरी हलत नाही, किंवा फिरून आल्यावर एकच चाक तापलेलं, तर ब्रेक धरून बसलाय. झटका एकही नाही पण गाडी कुठल्याच गिअरमध्ये रेस घेत नाही, तर सायलेन्सर चोंदलाय का बघायला सांगा. आणि जीप-ट्रॅक्टरवाल्यांनो, डिझेलमध्येही हवा ओढण्याचा हा आजार अगदी असाच होतो, फक्त तिथे हवा काढल्याशिवाय गाडी परत लागतच नाही, ते तुम्हाला मी काय सांगायचं.

पाइप बदलताना पेट्रोलसाठीचाच मागा, पाण्याची किंवा बागेची नळी बसवणारे महाभाग आहेत, ती आठवड्यात फुगते. काम मोकळ्या हवेत, जवळपास बिडी-काडी नको, बॅटरीची वायर आधी काढून. काकांनी टाकीपासून पंपापर्यंतचे सगळे रबरी तुकडे आणि क्लिपा बदलल्या. पाइप-क्लिपांचे चारशे झाले आणि मजुरी विचारली तर म्हणाले दोनशे द्या, चहा तर तुम्ही पूर्ण पण प्यायला नाहीत.

त्यानंतरच्या फेरीला मी मुद्दाम टाकीत काटा खाली असतानाच घाट चढले, हे शेजारी बसून त्या काट्याकडेच बघत होते. गाडी कुठे अडली नाही. तरी खामजाईला थांबले मी, आईला सांगितलं होतं म्हणून.